गणपतीतल्या मुलांच्या स्पर्धा: वयोगट कसे पाडायचे

सोसायटीच्या गणपतीत भांडायला वर्गणी, स्पीकर आणि पार्किंग पुरेसं आहे, असं मला वाटायचं. मग एका वर्षी मुलांच्या स्पर्धा माझ्या गळ्यात पडल्या. लिंबू-चमच्याची शर्यत झाली आणि दोन आया एकमेकींशी पार गौरी उठेपर्यंत बोलल्या नाहीत. पत्रकात ‘५ वर्षांपर्यंत’ असं छापलं होतं. एकीच्या मुलाला पाचवं चालू होतं. दुसरीच्या मुलीला पाच पूर्ण होऊन सहावं लागलं होतं, म्हणजे तीही ‘पाच वर्षांचीच’. ती अर्थातच पहिली आली. दोघींचंही बरोबर होतं. चूक पत्रक लिहिणारीची, म्हणजे माझी.

तेव्हापासून हे काम मला चिकटलं ते चिकटलंच. आमची सोसायटी पुण्याच्या कडेची, सव्वादोनशे फ्लॅटची. तीन ते दहा वयाची चाळीस-पंचेचाळीस मुलं दरवर्षी भाग घेतात. खालचा हिशेब त्यांच्यावर घासून-पुसून झालेला आहे. उन्हाळी शिबिर असो की परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाचा बालमेळावा, थोडं इकडेतिकडे करून तिथेही चालेल.

पहिलं काम: वय नको, जन्मसाल छापा

आपल्याकडे वय दोन तऱ्हांनी सांगतात, पूर्ण झालेलं आणि चालू असलेलं. आजी म्हणते ‘सहावं लागलं’, बाबा म्हणतात ‘पाच’, आणि मूल एकच. हा वाद मांडवात सुटत नाही. म्हणून पत्रकात वयाचा आकडा घालूच नका. ‘जन्म २०२० किंवा २०२१’ असं सरळ लिहा. बोटं मोजायला नकोत आणि ‘काकू, पण त्याला पुढच्या आठवड्यात होतायत हो’ हे ऐकायला नको.

‘गणेश चतुर्थीला पूर्ण झालेलं वय’ असा नियम बरीच मंडळं लावतात. ऐकायला सोयीचा, वागायला विचित्र. चतुर्थी तिथीने येते, वाढदिवस इंग्रजी तारखेने. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला गेली. आता ५ सप्टेंबर २०१९ ला जन्मलेली मुलगी घ्या. २०२५ च्या गणपतीत ती पाच वर्षांची, २०२६ च्या गणपतीत थेट सात वर्षांची. ‘सहा पूर्ण’ हे तिचं वय कुठल्याच चतुर्थीला भेटलं नाही. उलटही होतं. १० सप्टेंबर २०१८ चा मुलगा २०२३ च्या चतुर्थीला (१९ सप्टेंबर) पाच वर्षांचा होता आणि २०२४ च्या चतुर्थीला (७ सप्टेंबर) पुन्हा पाचच वर्षांचा.

जन्मसाल धरलं की हे सगळं मिटतं. जानेवारी ते डिसेंबर एक सालगट. आपल्या राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं घेतात, त्यामुळे सालगट आणि इयत्ता बऱ्यापैकी जुळतातही. बऱ्यापैकीच. केंद्रीय विद्यालयात ३१ मार्च धरतात. म्हणजे २०२६ च्या गणपतीत एकाच इमारतीत, वेगवेगळ्या शाळांच्या पहिलीत, डिसेंबर २०२० चं पावणेसहा वर्षांचं मूल असू शकतं आणि एप्रिलच्या मध्यावर जन्मलेलं, २०१९ चं, जवळजवळ साडेसात वर्षांचंही. ‘पहिली-दुसरीचा गट’ असं लिहून तुम्ही या दोघांना एका रेषेवर उभं करता, हे ध्यानात ठेवा.

दुसरं काम: आधी मुलं मोजा, मग गट

बहुतेक समित्या उलटं करतात. गेल्या वर्षीचे गट तसेच छापतात आणि नंतर कळतं की एका गटात दोन मुलं आणि दुसऱ्यात एकोणीस.

नावनोंदणी दहा दिवस आधी बंद करा. फॉर्मवर पाच गोष्टी पुरतात: नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळेचं माध्यम आणि ‘आम्हाला माहीत असावं असं काही?’ हा मोकळा रकाना. या शेवटच्या रकान्यात लोक जे लिहितात ते सगळ्यात कामाचं असतं. ‘मोठ्या आवाजाला घाबरतो’, ‘शेंगदाणा चालत नाही’, ‘चष्मा काढला तर काही दिसत नाही’. फॉर्म एकाच माणसाकडे ठेवा. मुलांच्या जन्मतारखांची यादी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे फक्त नाव आणि गट गेला म्हणजे झालं.

मग चौकटीचा कागद घ्या. वर सालं लिहा आणि प्रत्येक मुलामागे एक ठिपका द्या. माझ्या वहीतल्या एका वर्षीचा तक्ता सांगते: २०२२ चे ४, २०२१ चे ९, २०२० चे ७, २०१९ चे २, २०१८ चे ८, २०१७ चे ६, २०१६ चे ५. ठिपके बघितले की रेघ कुठे मारायची ते दिसतं. २०२१ ची नऊ मुलं म्हणजे खाली झोपाळ्यापाशी रोज एकत्र असणारी टोळी. तिच्या मधून रेघ नेली तर निम्मी रडतात आणि उरलेली खेळायला नकार देतात.

अडचण त्या २०१९ च्या दोघांची. खाली ढकलले तर सगळी बक्षिसं त्यांचीच, वर ढकलले तर दोघं सगळ्यात शेवटी. त्यांना कुठल्या गटात टाकायचं याला सगळ्या स्पर्धांसाठी एक उत्तर नाहीच. ते स्पर्धेवर ठरतं.

तिसरं काम: स्पर्धा मुलाकडून काय मागते ते बघा

मला या सगळ्या खटाटोपातून एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे. सगळ्या स्पर्धांना एकच गट लावू नका. धावायला पाय लागतात, अक्षराला शाळा लागते आणि वेशभूषेला धीर लागतो. या तिन्ही गोष्टी मुलात एकाच वेळी वाढत नाहीत.

पाय लागतात तिथे जन्मसाल. धावणं, लिंबू-चमचा, बटाटा शर्यत, पोत्यातली शर्यत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात चार वर्षांच्या मुलाची मधली उंची साधारण १०३ सेंटिमीटर आणि पाच वर्षांच्या मुलाची ११० आहे. सात सेंटिमीटर म्हणजे पावलात चांगलाच फरक. शिवाय चार वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे आजवरच्या आयुष्याचा पाव भाग, दहा वर्षांच्याला दहावा. त्यामुळे गट खाली अरुंद ठेवा आणि वर रुंद. सगळ्यात छोट्यांत शक्यतो एकेक साल, पाच-सहाचा आणि सात-आठचा दोन-दोन सालांचा गट, त्याच्या वर तीन सालं एकत्र केली तरी बिघडत नाही. त्या दोघा २०१९ वाल्यांना मी धावण्यात वरच्या गटात घेतलं आणि चार पावलं पुढून सोडलं. कोणी तक्रार केली नाही. मुलांना असा न्याय पटकन कळतो, समजावावं लागतं ते आईबापांना.

सालगटाचीही एक खोट आहे. डिसेंबरातलं मूल सालातलं सर्वांत लहान. कॅनडात आइस हॉकीच्या वरच्या पातळीवरच्या खेळाडूंचे वाढदिवस तपासले तेव्हा वर्षाच्या पहिल्या तिमाहीतले जास्त आणि शेवटच्या तिमाहीतले कमी निघाले होते. तिथे वयोगटाची तारीख १ जानेवारी. लहानपणी दहा-अकरा महिन्यांनी थोराड असलेलं मूल निवडलं जातं, त्याला सराव जास्त मिळतो, मग ते खरोखरच सरस होतं. आपण काही संघ निवडत नाही, पण दरवर्षी शेवटून पहिलं येणारं मूल चौथ्या वर्षी घरातून खाली उतरत नाही, हे मी पाहिलंय. उपाय सोपा आहे. धावण्याला जानेवारी ते डिसेंबर धरा आणि दुसऱ्या एखाद्या खेळाला जुलै ते जून. तक्ते दोन करावे लागतात, कटकट आहे. पण नोव्हेंबर-डिसेंबरची मुलं निदान एका खेळात मोठ्यांत मोजली जातात.

शाळा लागते तिथे इयत्ता. हस्ताक्षर, शुद्धलेखन, प्रश्नमंजूषा. साडेसहा वर्षांचं मूल सीनियर केजीत असेल तर त्याला जोडाक्षरं आलेली नसतात, वय काढून उपयोग नाही. इथे माध्यमही बघा. देवनागरी हस्ताक्षरात मराठी माध्यमाची दुसरी आणि इंग्रजी माध्यमाची दुसरी यांना एकत्र बसवणं म्हणजे निकाल आधीच लावणं. संख्या कमी असेल तर ‘कोणत्याही लिपीत चार ओळी’ असं ठेवा आणि परीक्षकांना वळण, अंतर, स्वच्छता एवढंच बघायला सांगा.

चित्रकला मधली. इथे हात बघायचा. साधारण तिसऱ्या वर्षी मूल बघून गोल काढतं, चौकोन चारच्या पुढे जमायला लागतो, त्रिकोण पाचच्या आसपास. हे कळलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला, कारण आमचा सर्वांत छोट्या गटाचा विषय वर्षानुवर्षं ‘मोदक’ होता. मोदक म्हणजे खाली गोलसर फुगवटा, वर टोक आणि मधे पाकळ्या. पोरं घाम गाळायची आणि शेवटी आई हात धरून काढून द्यायची. आता छोट्यांना लाडू असतो. कागदभर लाडू निघतात, पिवळे, जांभळे, एका वर्षी एक डोळे असलेलाही, आणि आया बाकाच्या पलीकडे राहतात. मोदक सीनियर केजी-पहिलीला, उंदीर दुसरीला, मिरवणूक तिसरीच्या पुढे.

धीर लागतो तिथे गटाला फारसा अर्थ नसतो. पाठांतर आणि वेशभूषेत साडेतीन वर्षांची चिमुरडी माइक सोडत नाही आणि आठ वर्षांचा मुलगा शिवाजी महाराजांच्या वेशात विंगेत रडत असतो. तिथे जन्मसालाने नुसता क्रम लावा, लहान आधी. आणि मंचावर येऊन काहीच न बोलता गेलेल्या मुलालाही टाळ्या मिळतील, याची सोय सूत्रसंचालकाशी आधीच बोलून ठेवा.

चौथं काम: सगळ्यात छोट्यांचं कच्चं लिंबू

चार वर्षांखालच्यांची स्पर्धा घेऊ नका. कार्यक्रम घ्या, बक्षीस द्या, पण क्रमांक काढू नका. गल्लीत आपण लहान असताना धाकटं भावंड मागे लागलं की त्याला ‘कच्चं लिंबू’ करून घ्यायचो. ते खेळात असतं, धावतं, ओरडतं, पण बाद होत नाही. मिश्र वयाची मुलं एकत्र खेळवण्याची ही आपली जुनी युक्ती आहे आणि तिच्यापेक्षा सरस काही मला अजून सापडलेलं नाही.

प्रत्यक्षात हे असं करायचं. संगीत खुर्चीत दर फेरीला खुर्ची काढा, मूल काढू नका. शेवटी तीन खुर्च्यांवर नऊ पोरं एकमेकांच्या मांडीवर लोळतात. पहिल्या फेरीत बाद होऊन वीस मिनिटं आईच्या कुशीत रडण्यापेक्षा हे बरं. लंगडीची शर्यत या वयाला नको, एका पायावर दोन-चार उड्या नीट जमायला चार वर्षं यावी लागतात. बेडूकउडी चालते. लिंबू-चमच्यात चमचा तोंडात नको, हातात द्या, आणि चमच्याऐवजी आमटीचा डाव द्या. डावात लिंबू बसतं. मी पहिल्या वर्षी घरचे पोह्याचे चमचे दिले होते. शिट्टी वाजली आणि सातच्या सात लिंबं गटाराच्या जाळीकडे घरंगळत गेली, त्यांच्यामागे सात मुलं, त्यांच्यामागे मी.

अंतर पार्किंगच्या खणांनी मोजते, टेप शोधत बसावी लागत नाही. कच्च्या लिंबांना तीन खण, पाच-सहावाल्यांना पाच, सात-आठवाल्यांना आठ.

पाचवं काम: मुद्दाम एकत्र करायचे खेळ

दहा दिवसांत निदान एक संध्याकाळ गट मोडायची. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं एकाच खोलीत असतात, माँटेसोरी पद्धतीच्या बालवर्गातही तसंच, आणि जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांच्या शाळेत पहिली ते चौथी दोन खोल्यांत सुखाने शिकते. वय मिसळलं म्हणजे गोंधळ, ही भीती शहरातली.

पण ‘सगळे मिळून करा’ म्हणून सोडून दिलं तर मोठं मूल सगळं करून टाकतं आणि छोटं बघत बसतं. जोड्या लावा, एक थोरलं आणि एक धाकटं, वयात तीन-चार वर्षांचं अंतर असलेलं. अंतर एकाच वर्षाचं असेल तर ती भांडतात. सख्खी भावंडं एका जोडीत नकोत, त्यांचं भांडण घरून तयार होऊन आलेलं असतं. आणि कामं आधीच वाटून द्या. शाडूच्या मातीचा उंदीर करायचा होता तेव्हा नियम केला की माती फक्त धाकट्याने हाताळायची, थोरल्याने तोंडाने सांगायचं आणि हात पाठीमागे. चौथीतली एक मुलगी साडेचार वर्षांच्या पोराला सांगत होती, ‘आता शेपटी. पोळी लाटताना आई करते तशी वळी कर. अरे पोळी नाही, वळी.’ बोटं पाठीमागे एकमेकांत घट्ट अडकवलेली, पायाचे अंगठे मात्र शेपटी वळत होते. उंदीर बटाट्यासारखा झाला. पोरगा तो घेऊन लिफ्टमध्ये प्रत्येकाला दाखवत गेला.

सहावं काम: अडलेली प्रकरणं

‘माझा मुलगा हुशार आहे, त्याला वरच्या गटात घ्या’ असं दरवर्षी कोणीतरी म्हणतं. घ्या, हरकत नाही, पण त्या स्पर्धेपुरतं आणि नोंदणी बंद व्हायच्या आत. खालच्या गटात मात्र पालकांच्या सांगण्यावरून कोणालाच उतरवू नका.

याला एक अपवाद मी ठेवते. एखाद्या मुलाची वाढ वेगळ्या गतीने होत असेल, ऐकू कमी येत असेल, हात-पाय नीट चालत नसतील, तर त्याच्या आईला किंवा बाबांना बाजूला घेऊन विचारते, ‘त्याला कुणाबरोबर खेळायला आवडतं?’ उत्तर मिळेल तो गट. हे समितीच्या बैठकीत मांडायचं नाही, माइकवरून सांगायचं नाही. गटांच्या याद्या लावताना नाव तिथे असतं, बस.

जुळी एकाच गटात येणारच, पण वेगळ्या फेऱ्यांत पळवा. नवीन राहायला आलेलं मूल असेल तर एखाद वर्षाने इकडेतिकडे झालं तरी चालेल, त्याच्या शेजारच्या मुलाच्या गटात घाला. आणि दोघांचाच गट उरला तर त्यांची स्पर्धा लावू नका, कारण त्यात एक पहिला येतो आणि दुसरा शेवटचा. चारच्या खाली संख्या गेली की शेजारचा गट जोडा आणि मोठ्यांना मागून सोडा.

सातवं काम: त्या दिवशी

छोटे पाच वाजता, मोठे साडेसहाला, साडेसातला आरती. उलट केलंत तर आरतीच्या वेळी मांडवात झोपलेली मुलं उचलायला माणसं लागतील. छोट्यांच्या प्रत्येक खेळाला दहा मिनिटं, त्यातली सहा रांग लावण्यात जातात. चार छोट्यांमागे एक मोठं माणूस हवं, सात-आठ वर्षांच्यांना आठ-दहांमागे एक पुरतं. आठवी-नववीची मुलं या कामाला उत्तम, फक्त त्यांच्या हातात शिट्टी देऊ नका.

गट ओळखायला मनगटावर रंगीत लोकर बांधा. बॅज पडतात, स्टिकर तोंडात जातात. आणि गटांना ‘छोटा-मधला-मोठा’ म्हणू नका. पाच वर्षांच्या माणसाला ‘छोटा गट’ हा अपमान वाटतो. आमच्याकडे दूर्वा, जास्वंद, केवडा आणि उंदीर असे गट आहेत. उंदीर मोठ्यांना दिलाय, त्यावरूनही दरवर्षी रडारड होते, कारण सगळ्यांनाच उंदीर व्हायचं असतं.

परीक्षकांना चित्रांमागचं नाव दिसू नये, पण गट पुढे ठळक दिसावा. नाहीतर पाच वर्षांच्याच्या कागदाशेजारी आठ वर्षांच्याचा कागद ठेवून ते ‘हे जरा कच्चं वाटतं’ म्हणतात. दूर्वा गटात, म्हणजे सगळ्यात छोट्यांत, बक्षीस म्हणून सगळ्यांना एकच वस्तू, खडूची पेटी, सगळ्या पेट्या सारख्याच. रंग वेगळा आला तरी वाद होतो.

आठवं काम: त्याच रात्री वही

विसर्जनाच्या धावपळीत सगळं विसरतं, म्हणून स्पर्धा संपली की त्याच रात्री चार ओळी लिहून ठेवा. कुठला गट तोकडा पडला, कुठे रडारड झाली, किती वेळ लागला. माझ्या वहीतली गेल्या वर्षीची नोंद अशी: ‘जास्वंद गट फार मोठा, पुढच्या वर्षी दोन फेऱ्या. बेडूकउडीला सतरंजी हवी, गुडघे खरचटले. लाडू विषय चालू ठेवणे. डाव सहा लागतात, आपल्याकडे चार. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचे दोन आणले होते, परत द्यायचे राहिले.’